शेक संपले, पण बाबांच्या तोंडाला पाणी परत सुटेल का?

पल्याडची (धागाकर्ती), 11 जून, रात्री 9:40

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे पाककृतींच्या धाग्यांवर लुडबुड करत असते, आज वेगळं विचारायला आले आहे.

माझे बाबा 66 वर्षांचे. गेल्या वर्षी डाव्या टॉन्सिलचा कॅन्सर निघाला. रेडिएशन मुंबईला घेतलं, 33 शेक, सोबत आठवड्याला एक केमो. कोकणकन्येचं वेळापत्रक घरात सगळ्यांना पाठ झालं. फेब्रुवारीत शेवटचा शेक झाला, मे महिन्यातला स्कॅन स्वच्छ आला. आईने पेढे वाटले. बाबांनी एक तोंडात टाकला, बराच वेळ इकडून तिकडे फिरवला आणि गुपचूप बाहेर काढून ठेवला. मातीचा गोळा चघळल्यासारखं वाटतं म्हणाले.

तोंडाला लाळच नाही. आहे ती दोरीसारखी चिकट. भाताचा घास पाण्याशिवाय उतरत नाही, रात्री तीन-चार वेळा उठतात. तपासणीत विचारलं तर "पाणी पीत राहा, येईल हळूहळू" एवढंच.

बाबा भजनी आहेत. श्रावणात वास्कोच्या दामोदर सप्ताहात दर वर्षी गातात. आता दोन ओळींत जीभ टाळूला चिकटते. कुणाला अनुभव आहे का? लाळ खरंच परत येते? किती महिन्यांनी?

सुकी_सुंगटां, 11 जून, रात्री 10:05

जून महिन्यात आमच्या घरात चपलांना बुरशी, पापडाला ओल, भिंतीला पाणी. आख्ख्या गोव्यात कोरडी जागा म्हणून तुमच्या बाबांचं तोंडच उरलं म्हणायचं. हलकं घ्या. ताई, बाबांना बरं वाटो. जाणकार येतीलच.

आबा_डिचोली, 12 जून, सकाळी 7:15

कडक बोलतो, राग मानू नका. कॅन्सर गेला ना? आमच्या वाड्यावरचे दोघे त्याच रोगाने गेले. जीव वाचला तिथे तोंड कोरडं पडलं हे रडगाणं कशाला? बाटली जवळ ठेवा आणि देवाचे आभार माना.

कोरडवाहू, 12 जून, दुपारी 1:30

आबा, तुमच्या वयाचा मान ठेवून लिहितो. माझं नाव वाचलंत ना? ते शेतीवरून घेतलेलं नाही. मला शेक घेऊन सहा वर्षं झाली.

देवाचे आभार मी रोज मानतो. पण लाळ म्हणजे नुसतं पाणी असतं तर बाटलीने भागलं असतं. पाणी प्यायल्यावर दोन मिनिटांत तोंड पुन्हा होतं तसं. लाळ ही वंगणासारखी. ती नसली की बिस्कीट म्हणजे वाळू. पोई (आपला गोव्याचा पाव) तर मी पहिलं वर्षभर लांबूनच पाहिली. हुमणातली (माशाच्या आमटीतली) मिरची जिभेवर निखारा ठेवल्यासारखी लागायची. लग्नाच्या पंगतीत सगळ्यांचा ताक-भात होतो तेव्हा माझा वरणभातच चाललेला असायचा, आणि वाढपी विचारायचा, "काय काका, जेवण आवडलं नाही?" शेवटी मी लग्नांना जाणंच सोडलं. फोनवर बोलताना शब्द चिकटायचे, समोरच्याला वाटायचं घेतलेली आहे. (आमच्या गावात तसं वाटणं अगदीच अस्वाभाविक नाही म्हणा.)

रात्रीचं तर विचारूच नका. झोपेत लाळ सगळ्यांचीच कमी होते, आमची शून्यावर येते. जीभ टाळूपासून सोडवत जाग यायची.

ताई, तुमच्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर: पहिले सहा महिने काहीच नाही. आठ-नऊ महिन्यांनी एका बाजूला ओल जाणवायला लागली. दीड वर्षापर्यंत थोडं थोडं वाढत गेलं, मग थांबलं. पूर्वीच्या निम्म्याच्या आसपास असेल. आज मी पोई खातो, चहात बुडवून. चार महिन्यांत निकाल लावू नका.

आबा_डिचोली, 12 जून, दुपारी 3:10

माहीत नव्हतं. शब्द मागे घेतो.

किरणमास्तर, 12 जून, रात्री 8:50

मी रेडिएशन विभागात फिजिसिस्ट होतो, आता निवृत्त. डॉक्टर नव्हे. कुठल्या भागाला किती किरण जातील याचा हिशेब करणं हे आमचं काम, म्हणून त्या बाजूने सांगतो.

मोठ्या लाळग्रंथींच्या तीन जोड्या. कानासमोरची पॅरोटिड, जबड्याखालची सबमँडिब्युलर आणि जिभेखालची सबलिंग्वल. शिवाय ओठ, गाल, टाळू यांत शेकडो बारीक ग्रंथी. दिवसाला सुमारे अर्धा ते दीड लिटर लाळ यांतून तयार होते. जेवताना जी पातळ धार सुटते तिचा मोठा वाटा पॅरोटिडचा. एरवी, काही खात नसताना तोंड ओलं राहतं ते मुख्यतः जबड्याखालच्या ग्रंथींमुळे. म्हणून कुणी म्हणतो "जेवताना त्रास नाही, पण रात्री मरतो" आणि कुणाचं याच्या उलट. कुठल्या ग्रंथीला किती मार बसला त्यावर ते ठरतं.

किरणांनी सहसा झपाट्याने विभाजन होणाऱ्या पेशी आधी मरतात. लाळेच्या पेशी सावकाश विभाजन होणाऱ्या, तरी पहिल्याच आठवड्यात लाळ निम्म्याच्या आसपास घसरते. पातळ लाळ करणाऱ्या पेशी जास्त नाजूक, चिकट स्राव करणाऱ्या त्यामानाने टिकाऊ. म्हणून उरते ती दोरीसारखी. तुमच्या बाबांनी तिचं वर्णन अचूक केलं आहे.

आता "परत येईल का" याबद्दल. पॅरोटिडला मिळालेला सरासरी डोस साधारण 25-26 ग्रेच्या (ग्रे म्हणजे किरणांचा डोस मोजायचं एकक) आत राहिला तर ती ग्रंथी वर्ष-दोन वर्षांत बऱ्यापैकी सावरते. त्याच्या फार वर गेला की आशा कमी होत जाते. गाठीला 66 ते 70 ग्रे द्यावे लागतात आणि ग्रंथी तिथेच शेजारी, त्यामुळे प्रत्येक वेळी वाचवता येतातच असं नाही. पूर्वी दोन बाजूंनी सरळ किरण मारत, दोन्ही पॅरोटिड भाजून निघत. आयएमआरटी ही नवी पद्धत आल्यावर किरणांना ग्रंथीभोवती वळसा घालायला लावता येतो. ब्रिटनमधली पारस्पोर्ट चाचणी 2011 मध्ये लॅन्सेट ऑन्कॉलॉजी या वैद्यकीय नियतकालिकात आली. वर्षभरानंतर त्रासदायक कोरडेपणा जुन्या पद्धतीत 74 टक्के रुग्णांना होता, आयएमआरटीत 38 टक्क्यांना. म्हणजे नव्या पद्धतीतही दहातले चार जण कोरडेच.

ताई, मुंबईहून उपचाराचा सारांश आणि डोसचा तक्ता मागवा. त्यात उजव्या आणि डाव्या पॅरोटिडचा सरासरी डोस लिहिलेला असतो. मागितला की देतात, पण बहुतेक कुणी मागतच नाही.

गोंयकार_पुण्यात, 13 जून, सकाळी 9:00

माझ्या आजेसासूबाईंचा उपाय: ज्येष्ठमधाची कांडी आणि खडीसाखर दिवसभर तोंडात धरायची. लाळ सुटतेच सुटते. शिवाय लिंबाची फोड चोखायची.

दंतकथा, 13 जून, सकाळी 11:20

नको! कृपा करून नको! मी दातांची डॉक्टर आहे आणि हे वाचून माझ्याच तोंडचं पाणी पळालं.

लाळ दातांची राखण करते. तोंडातलं आम्ल मारते, कॅल्शियम-फॉस्फेट परत दातात भरते, जंतूंना आवरते. ती गेली की कीड अशी धावते की सहा महिन्यांत धडधाकट दात हिरडीपाशी गोल कापल्यासारखे तुटताना मी पाहिले आहेत. त्यात दिवसभर खडीसाखर म्हणजे चोराच्या हाती किल्ली. लिंबू चोखून लाळ सुटेलही, ज्या ग्रंथी शिल्लक आहेत त्यांतून, पण आम्ल धुऊन न्यायला पुरेशी नाही. ज्येष्ठमध जास्त दिवस घेतला तर रक्तदाब वाढतो, पोटॅशियम उतरतं. छासष्टाव्या वर्षी तो खेळ नको.

चघळायचंच तर बिनसाखरेचं, झायलिटॉलचं च्युइंगगम. लिटरभर पाण्यात चमचाभर मीठ आणि चमचाभर खायचा सोडा घालून दिवसातून पाच-सहा वेळा चुळा. अल्कोहोल असलेलं माऊथवॉश घरातून हद्दपार. आणि फ्लोराइड रोज: जास्त फ्लोराइडची पेस्ट, किंवा दातांच्या मापाचे ट्रे करून त्यात जेल घालून पाच मिनिटं. नंतर अर्धा तास पाणीसुद्धा नाही. हे काही महिन्यांचं काम नाही, जन्मभराचं आहे. जिभेवर पांढरा थर किंवा सारखी आग होत असेल तर बुरशी असू शकते, ती दाखवून घ्या.

सुकी_सुंगटां, 13 जून, सकाळी 11:45

अल्कोहोलचं माऊथवॉश बंद हे कळलं. काजू फेणीबद्दल शास्त्र काय सांगतं? मित्रासाठी विचारतोय.

कोरडवाहू, 13 जून, दुपारी 12:10

मित्राला सांग, मी पहिल्या वर्षी एक घोट घेऊन पाहिला होता. तोंडात होळी पेटली. त्यानंतर संकष्टीही नाही आणि फेणीही नाही.

पल्याडची, 13 जून, रात्री 9:15

सगळ्यांचे खूप आभार, देव बरें करूं. तक्त्यासाठी ईमेल केला आहे. दंतकथाताई, दातांवरून आठवलं, खालची डावी दाढ ठणकते म्हणून बाबांना इथल्याच एका दवाखान्यात नेलं होतं. परवा काढायची ठरली आहे. ती निघाल्यावर फ्लोराइडचं बघते.

दंतकथा, 13 जून, रात्री 9:22

ताई, थांबा. ती दाढ काढू देऊ नका!

शेक गेले आहेत हे त्या दवाखान्यात सांगितलंत का? किरण गेलेल्या जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कमी होतो. तिथे दात उपटला तर जखम भरत नाही, हाड उघडं पडतं, मरत जातं. खालच्या जबड्यात हा धोका सगळ्यात जास्त, आणि वर्षं सरली म्हणून तो संपत नाही. म्हणूनच खराब दात शेकांच्या आधी दोन-तीन आठवडे काढून टाकायचे असतात. आता बहुधा मुळाचा उपचार (रूट कॅनाल) करून दात जागेवरच ठेवता येईल. उद्या सकाळी मुंबईला फोन करा, त्या दाढेपाशी किती डोस गेला ते विचारा, आणि बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) नाहीतर कॅन्सरचे रुग्ण पाहणाऱ्या दंतवैद्यांकडे जा.

पल्याडची, 13 जून, रात्री 9:31

हातपाय गार पडले. त्यांनी विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही. परवाची भेट रद्द करते.

मडगावची_मावशी, 14 जून, दुपारी 4:00

थोडं अवांतर. माझा थायरॉइडचा कॅन्सर होता, मला बाहेरून शेक नाही दिले, किरणोत्सारी आयोडीन पाजलं. तरी कानाखाली दोन्हीकडे सूज आली, जेवायला बसलं की गालात कळ. हे कसं काय? आणि मला तिथे एक नर्स म्हणाली लिंबाच्या गोळ्या लगेच चोखा, दुसरी म्हणाली उद्यापासून. खरं कोण?

किरणमास्तर, 14 जून, रात्री 8:30

मावशी, थायरॉइड रक्तातलं आयोडीन ज्या दाराने आत ओढते तसलंच दार लाळग्रंथींनाही असतं. त्यामुळे आयोडीन-131 तिथेही जाऊन बसतं. गोळ्यांवर जपानमध्ये 2005 साली अभ्यास झाला. पहिल्याच तासापासून चोखणाऱ्यांना त्रास जास्त झाला, 24 तासांनी सुरू करणाऱ्यांना कमी. लगेच लाळ चाळवली की ग्रंथीकडे रक्त वाढतं आणि त्याबरोबर आयोडीनही, असा तर्क आहे. तेव्हा दुसऱ्या नर्सच्या बाजूने माझं मत. जेवताना कळ येते ती नळी अरुंद झाल्यामुळे असू शकते, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

आणखी एक गंमत. 2020 मध्ये नेदरलँड्सच्या संशोधकांनी नाकामागे, घशाच्या वरच्या अंगाला लाळग्रंथींचा एक समूह सापडल्याचं जाहीर केलं, तोही प्रोस्टेट कॅन्सरचे स्कॅन पाहताना! ही स्वतंत्र ग्रंथी मानायची की नाही यावर शरीरशास्त्रवाले अजून भांडतात. मला एवढंच वाटलं, इतकी वर्षं आम्ही हिशेब करत होतो आणि ती जागा कधी मोजलीच नाही.

शीतकडी, 15 जून, सकाळी 10:40

विज्ञान झालं, आता जेवणाचं कोण सांगणार? माझ्या सासऱ्यांना शेक झाले होते तेव्हा आमच्याकडे हे चाललं. उकड्या तांदळाची पेज, पातळ, वर नारळाचं दूध. नाचणीची आंबील. मुडदुशी मासा वाफवून, काटा काढून, कढीत कुस्करून. आपल्याकडे बाळंतिणीला देतात ना, तीच, मऊ आणि सात्त्विक. हुमण करायचंच तर मिरची एक आणि सोलं (कोकम) अगदी कमी, रस घट्ट नारळाचा. नारळाच्या रसाला अंगचा ओशटपणा असतो, घास घसरतो. खतखतं (भाज्यांचं कालवण) मिक्सरमधून.

सोलकढीबद्दल आमच्यात भांडण होतं. सासूबाई म्हणायच्या पाचक, सासरे म्हणायचे झोंबते.

गोंयकार_पुण्यात, 15 जून, सकाळी 11:05

माघार घेऊन आलो आहे, खडीसाखर परत केली. सोलकढीत सोलं कमी आणि नारळ जास्त घातला तर?

दंतकथा, 15 जून, सकाळी 11:30

तर ती जेवणाबरोबर, घोट घोट दिवसभर नको. वर साधं पाणी फिरवा, लगेच ब्रश नको. माफी मंजूर.

आबा_डिचोली, 15 जून, संध्याकाळी 6:00

एक शंका. बाबा दुसरी काही औषधं घेतात का? मला झोपेसाठी एक गोळी दिली होती, तिने तोंड असं सुकायचं की देवाचं नाव घेता येईना. डॉक्टरांनी बदलली आणि सुटलो.

किरणमास्तर, 15 जून, रात्री 9:00

आबा, मोलाचं बोललात. सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्या, नसांच्या दुखण्याच्या आणि झोपेच्या काही गोळ्या, या सगळ्या लाळ आटवतात. मुळात गळकी विहीर, त्यात वरून पंप.

पल्याडची, 2 जुलै, रात्री 10:10

उशीर झाला, धावपळीत होते.

दाढ वाचली. गोमेकॉत दाखवलं, मुंबईशी बोलणं झालं. त्या जागी 60 ग्रेच्या वर गेले होते. मुळाचा उपचार केला, ठणका गेला. ट्रे करून घेतले, बाबा त्यांना "नाटकाचा मुखवटा" म्हणतात, पण रोज लावतात.

आबा, तुम्हाला साष्टांग नमस्कार! बाबांच्या खांद्याच्या दुखण्यासाठी एका डॉक्टरांनी रात्रीची अ‍ॅमिट्रिप्टिलिन, म्हणजे मास्तर म्हणतात तसली नसांच्या दुखण्याची गोळी, सुरू केली होती. मुंबईला ती ठाऊक नव्हती, आणि इथे कोरड पडते हे आम्ही बोललो नव्हतो. त्यांना विचारून हळूहळू बंद केली. आता रात्री एकदाच उठतात.

आणि तक्ता आला. डावी पॅरोटिड सरासरी 43 ग्रे, उजवी 22. जबड्याखालच्या दोन्ही 50 च्या वर. मास्तर, सांगा.

किरणमास्तर, 3 जुलै, सकाळी 8:00

डावीकडून फार अपेक्षा ठेवू नका. गाठच त्या बाजूला होती, तिथे योजना करणाऱ्याचे हात बांधलेले असतात. पण उजवी 22 वर आणली आहे, कुणीतरी संगणकापुढे बसून त्या ग्रंथीसाठी झगडलेलं दिसतं. ती सावरायला वाव आहे, म्हणजे जेवताना फरक पडेल. रात्रीचं कोरडेपण मात्र बरंचसं राहील, कारण ते जबड्याखालच्यांचं काम. खरा अंदाज वर्ष उलटल्यावर येईल.

कोरडवाहू, 3 जुलै, दुपारी 2:20

पायलोकार्पिन या लाळ सुटायच्या गोळीबद्दल डॉक्टरांना विचारा. 5 मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा असते. ज्या ग्रंथीत जीव आहे तिला ढोसते, मेलेलीला नाही. उजवी जिवंत असेल तर उपयोग होऊ शकतो. दोन-तीन महिने धीर धरावा लागतो. दमा किंवा काचबिंदूचा एक प्रकार असेल तर चालत नाही, म्हणून स्वतःच्या मनाने नको.

आणि घाम! मी मे महिन्यात पणजी-फोंडा बसमध्ये ही गोळी घेऊन बसलो होतो. शेजारच्या बाईंनी कंडक्टरला हाक मारली, "अरे, ह्यांना उतरव, अटॅक आलाय." फर्मागुडीला उतरलो, शहाळं प्यायलो, दुसरी बस पकडली. आठवड्याने डोस कमी केला. तोंड ओलं हवं होतं, शर्ट नव्हे.

सुकी_सुंगटां, 3 जुलै, दुपारी 2:31

मिळालं ना शेवटी कोरडवाहूला पाणी, फक्त पत्ता चुकला.

मडगावची_मावशी, 5 जुलै, सकाळी 9:50

ते कृत्रिम लाळेचं काय? फवारा मिळतो ना औषधाच्या दुकानात?

कोरडवाहू, 5 जुलै, सकाळी 10:15

मिळतो. अर्धा-पाऊण तास बरं वाटतं. मी तो प्रवासात आणि कुणाच्या तेराव्याला बोलायची वेळ आली की वापरतो. रात्री झोपताना थेंबभर खोबरेल जिभेवर फिरवतो, ते मला जास्त मानवतं. स्वस्तही.

पल्याडची, 19 ऑगस्ट, रात्री 11:20

सप्ताहाहून आलो आहोत. विचारलं होतं म्हणून सांगते.

बाबांचं ठरलं होतं, फक्त झांज वाजवायची. पायलोकार्पिन सुरू होऊन पाच आठवडे झालेत, फरक आहे की नाही ते नक्की सांगता येत नाही, घाम मात्र नक्की आहे. पहाटे अडीचला, गर्दी कमी असताना, त्यांच्या मंडळींनी एक अभंग धरला. बाबांनी खिशातून फवारा काढला, मारला, आणि ध्रुपद उचललं. अंतऱ्याला शेजारच्या काकांनी आपणहून पुढे घेतलं. परत ध्रुपदाला बाबा. असं तीन वेळा. आवाज पूर्वीचा नाही, खरखर आहे. मध्येच एकदा "विठ्ठल"मधला ठ टाळूला चिकटला, तर मृदंगवाल्याने एक आवर्तन जास्त घेऊन जागा दिली.

सकाळी चहाबरोबर पोई मागितली. कोरडवाहूकाकांसारखी, बुडवून.

कोरडवाहू, 19 ऑगस्ट, रात्री 11:48

पोईचा आतला मऊ भाग आधी. कडा आणखी सहा महिन्यांनी.

दंतकथा, 20 ऑगस्ट, सकाळी 8:05

आणि चहा बिनसाखरेचा होता ना?

पल्याडची, 20 ऑगस्ट, सकाळी 8:40

...दंतकथाताई, नेट फार स्लो आहे आज, नंतर बोलू.